पूल बांधणे आणि पूल सांभाळणे

(आपल्या सेवाकार्याच्या हितचिंतकांचा वार्षिक मेळावा परळ येथे झाला. त्या वेळी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या, मंडळीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण येथे देत आहोत. – संपादक)



मला बोलायला विषय दिला आहे तो पाड्यांवरच्या रस्त्यांचा आणि पुलांचा. माझे आयुष्य खडी, डांबर आणि मोऱ्या यांच्यात गेले, त्यामुळे उपदेश करण्याचे काम मी पाळकसाहेबांवर सोपवतो आणि मला जे कळते तेवढेच सांगतो.

आपल्या समितीपुढे या वर्षी एक मागणी आली आहे, हे आपण अहवालात वाचले असेल. एका पाड्याच्या वाटेवर नाला आहे. पावसाळ्यात तो भरला की पाडा तुटतो. तिथे साकव बांधून द्यावा, अशी पाड्यातल्या लोकांची विनंती आहे. मागणी रास्त आहे आणि ती मान्य व्हावी असेच माझे मत आहे. मात्र हात वर करण्याआधी आपण सर्वांनी एका प्रश्नाचा विचार करावा. उद्घाटन होईल, नारळ फुटेल, फोटो आपल्या त्रैमासिकात येईल. त्यानंतरच्या पाचव्या पावसाळ्यात त्या साकवाकडे कोण पाहणार आहे?

आपल्या दारातले पूल

पाड्यावर जाण्याआधी आपल्याच विभागात एक फेरी मारू. आपण गिरगाव, दादर, परळ, लालबागची माणसे. आपल्या पूर्वेपश्चिमेच्या मधून रेल्वे जाते, त्यामुळे आपले सगळे जिणे पुलांवर अवलंबून आहे. गिरगावकरांना फ्रेंच ब्रिज आणि केनेडी ब्रिज, दादरकरांना टिळक पूल, लालबागकरांना चिंचपोकळी आणि करी रोडचा पूल. यांतले बरेच पूल इंग्रजांच्या काळातले. ज्या काळी बैलगाड्या आणि ट्राम चालत, त्या काळच्या आखणीवर आज डंपर चालतात. दरवर्षी गणपतीत महापालिका सूचना काढते की चिंचपोकळी, करी रोडसारख्या पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, मिरवणूक थांबवू नका, नाचू नका. लालबागच्या शेजाऱ्यांना ही सूचना तोंडपाठ आहे.

२९ सप्टेंबर २०१७ चा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. सकाळची कचेरीची वेळ, अचानक आलेला पाऊस, आणि परळ–एल्फिन्स्टनच्या अरुंद जिन्यावर अडकलेली गर्दी. २३ माणसे गेली. तो पूल मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे अनेक पटींनी वाढली आणि जिना होता तेवढाच राहिला. पूल सांभाळणे म्हणजे फक्त गंज खरवडून रंग देणे नव्हे; पुलावरून आता कोण, किती आणि काय घेऊन जाते आहे हे पाहत राहणेही त्यात येते. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पादचारी पूल उभा केला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. म्हणजे दुर्घटनेनंतर पाच महिन्यांत. मनात आणले तर काम किती लवकर होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले. फक्त मनात आणायला २३ जीव जावे लागले.

त्याच वर्षी जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मग सगळ्या जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली, आणि आपल्या लोअर परळचा डिलाईल रोडचा पूल धोक्याचा ठरून बंद झाला. तो पुन्हा पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पाच वर्षांहून अधिक. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला. त्या पुलाचे तर ऑडिट झालेले होते, आणि किरकोळ दुरुस्ती पुरे असा शेरा होता. कागद तपासणे आणि पूल तपासणे यांत फरक असतो, तो असा.

आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून आपला एल्फिन्स्टनचा मोटारींचा पूलही बंद झाला. शंभरी ओलांडलेला तो पूल पाडून त्या जागी दुमजली पूल बांधायचे ठरले. प्रभादेवीकडून केईएमला, टाटाला, वाडियाला पेशंट न्यायचा तर टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा आला. आपल्यापैकी कितीतरी घरांनी या वळशाचा त्रास सोसला आहे. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून सिग्नलला थांबलेल्या माणसाला एकेक मिनिट केवढे वाटते, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हा अनुभव मनात जपून ठेवा. पाड्याची गोष्ट समजायला तो उपयोगी पडेल.

सावित्रीचा धडा

परळ, लालबाग, गिरगाव म्हणजे कोकणाचे माहेरघर. कोकणात जाणारा प्रत्येक जण महाडजवळ सावित्री नदी ओलांडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल पुरात वाहून गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला येणाऱ्या दोन एस.टी. आणि काही लहान गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका दिसला नव्हता, असे तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले.

लोकांना वाटते, पाण्याच्या लोंढ्याने पूल ढकलला. बहुतेक वेळा तसे होत नाही. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरा घेते आणि पायाखालची वाळू, माती, दगड खरवडून नेते. वर पूल जसाच्या तसा दिसतो. खाली त्याचा आधार नाहीसा होत असतो. म्हणून मे महिन्यात कोरड्या नदीत उभे राहून पूल पाहिला तर अर्धेच कळते. खरी पाहणी पूर ओसरल्यावर करायची असते, पाया कुठे उघडा पडला ते बघायला.

त्या रात्री जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आले की पुढे गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे दिसत नाहीत. त्याने पोलिसांना कळवले, असे वर्तमानपत्रांत आले होते. यंत्रणा मोठी असली तरी पहिली खबर पुलाशेजारी राहणारा माणूसच देतो. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. महामार्ग होता, सगळ्या देशाचे लक्ष होते.

पाड्यावर लक्ष कोणाचे?

आता दीडशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला जाऊ. जव्हार, मोखाडा, विक्रमगड. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी बांधवांचे हे तालुके. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत एका बाईला सातव्या महिन्यातच कळा आल्या. रस्ता नसल्याने वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. जुळी बाळे जन्मली आणि दोन्ही गेली. रक्तस्राव होत असलेल्या आईला चादरीची डोली करून निसरड्या डोंगरवाटेने सुमारे तीन किलोमीटर खाली मुख्य रस्त्याला आणावे लागले. देश त्या आठवड्यात स्वातंत्र्याची ७५ वर्षे साजरी करत होता.

शुभवर्तमानातली एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दाराशी गर्दी असते, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. आपल्या पाड्यांवर असे चौघे आजही दर पावसाळ्यात निघतात. त्यांची श्रद्धा कमी नाही, खांदे कमकुवत नाहीत. ते नाल्यापाशी अडतात, आणि नाल्याला छप्पर नसते.

असे का होते, याची कारणे अगदी साधी आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला, ऐन नाताळच्या दिवशी सुरू झाली. तिने पुष्कळ गावे जोडली, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पण तिचा मूळ नियम लोकसंख्येचा होता. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० वस्तीची अट. आपले पाडे कधी तीस घरांचे, कधी बाराच घरांचे. गाव जोडले गेले आणि पाडा राहिला. पुढे पाड्यांसाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना आली. मागणी नीट कागदावर असेल तिथे अशा योजनांचा उपयोग होतो.

दुसरे कारण नोंदीचे. आपल्या राज्यात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. ज्या वाटेला क्रमांक नाही, ती सरकारच्या दृष्टीने नाहीच. मग तिच्यावरच्या मोरीला दुरुस्तीचा पैसा कुठल्या खात्यातून टाकायचा?

तिसरे कारण मात्र आपल्या सर्वांचे आहे. नव्याचे नऊ दिवस. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यांवरून ये-जा करत. ते फोटो छापून आले आणि साऱ्या महाराष्ट्राला वाईट वाटले. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या जुलैत तो पुरात वाहून गेला. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण हेतू पाहून नदी वाट देत नाही. म्हणून साकव बांधण्याआधी पाड्यातल्या सर्वांत वयस्क आजीला विचारायचे असते, 'आजी, पाणी सर्वांत वर कधी आले होते, आणि कुठवर?' ती ज्या झाडाकडे बोट दाखवेल त्याच्या वर पूल हवा.

पूल मरतो कसा?

लहान साकव एका दिवसात पडत नाही. पाखरू सांध्यात पिंपळाचे बी टाकते. पहिल्या वर्षी दोन पाने येतात. तेव्हा ते दोन बोटांनी उपटता येते. पाचव्या वर्षी मूळ दगड फोडते. पुलावरचे पाणी जायची भोके पालापाचोळ्याने बुजतात. पाणी साचते, मुरते, आतल्या सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे काढते. पाइप टाकून केलेल्या फरशी पुलात पहिल्याच पुरात ओंडके अडकतात. पाण्याला वाट मिळत नाही, मग ते बाजूचा भराव कापून नवी वाट काढते. नोकरीत मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहे, पूल आपल्या जागी उभा आणि दोन्ही बाजूंचा रस्ता गेलेला. लोक म्हणतात पूल गेला. पूल गेलेला नसतो. मोरी साफ केलेली नसते.

बंधुभगिनींनो, या प्रत्येक आजाराला सुरुवातीला लागते ती एक कुदळ, एक घमेले, एक कोयता आणि अर्धा दिवस. पण दानशूर माणसाच्या नावाची पाटी पुलाला लागते. मोरी साफ केल्याची पाटी कुणी लावत नाही.

कोणी म्हणेल, देखभाल आपल्याकडे होतच नाही. तसे नाही. आज सकाळी आपण घरी जे पाणी प्यालो ते कुठून आले? तानसा तलाव १८९२ सालचा. मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणे वैतरणा नदीवर आहेत, आणि ती नदी याच मोखाडा–शहापूरच्या डोंगरांतून वाहते. तिथून आपल्या नळापर्यंत जाडजूड जलवाहिन्या येतात. त्यांच्यावर पहारा असतो, गळती लागली की धावपळ होते, दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे तर आधी वर्तमानपत्रात छापून येते. हे सगळे का होते? एक दिवस पाणी आले नाही तर गिरगावपासून दादरपर्यंत सगळे जण ओरड करतात. ज्या डोंगरांतून आपले पाणी येते, तिथल्या पाड्यावरची मोरी तुंबली तर ओरड करायला कुणी नाही. त्यांचे ओरडणे इथवर ऐकू येत नाही, एवढेच.

आपण काय करायचे?

समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना पैशांची. साकवाला मंजुरी द्या, पण त्याच ठरावात पाच पावसाळ्यांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवा. ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. सरकारने स्वतःला घातलेला हा नियम आपण आपल्याला का घालू नये? तेवढी रक्कम बाजूला काढताना साकव थोडा लहान करावा लागला तर करू. एखादे काम पुढच्या वर्षावर गेले तर जाऊ द्या. आणि बांधकामाआधी जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून तांत्रिक मंजुरी घ्यायचीच. आपण धर्मादाय आहोत म्हणून नदी सवलत देत नाही.

दुसरी सूचना माणसांची. सावित्रीकाठच्या त्या कामगाराची आठवण ठेवा. पाड्यातल्याच दोन माणसांना, त्यांत एक बाई असावी, साकव पाहायला शिकवू. एक वही, एक मोबाइल आणि वर्षाला ठरावीक मानधन. मेअखेर एकदा आणि पूर ओसरल्यावर ऑक्टोबरात एकदा पाहणी. मोरी मोकळी आहे का, पाया उघडा पडला का, सांध्यात झाड उगवले का, कठडा हलतो का, भरावाला भेग पडली का, एवढे पाच प्रश्न. दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढायचा, म्हणजे मागच्या फोटोशी ताडून पाहता येते. याला इंजिनिअर लागत नाही. कोणते दुखणे घरगुती आणि कोणते डॉक्टरकडे न्यायचे, हे सांगायला मी आणि माझे एक-दोन जुने सहकारी तयार आहोत.

तिसरी सूचना कागदांची, आणि ती या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींसाठी आहे. आपल्यात मंत्रालयात, महापालिकेत, रेल्वेत, बँकेत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. अर्ज कसा लिहावा, जावक क्रमांक कसा घ्यावा, उत्तर आले नाही तर कोणाला स्मरणपत्र द्यावे, ही विद्या आपल्याजवळ आहे आणि पाड्याजवळ ती नाही. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो आणि पायाभूत सुविधांवर तो खर्च करता येतो. वाट वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपर्यंत जमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, अशी अट आहे. म्हणजे दार आहे, ते ठोठावायला ग्रामसभेचा ठराव लागतो. ठराव त्यांचा, सही त्यांची. आपण फक्त शेजारी बसून मदत करायची. त्या वाटेला एकदा रस्ता म्हणून क्रमांक मिळाला की दुरुस्ती मागण्याचा हक्क मिळतो. हा क्रमांक मिळवून देणे साकवापेक्षा मोठे दान आहे असे मी समजतो.

यावर एक रास्त शंका निघेल. हे सरकारचे काम, आपण का अंगावर घ्यायचे? माझे उत्तर असे. रस्त्यांचे जाळे बांधण्याची ताकद आपल्यात नाही आणि ती जबाबदारी सरकारवरून काढून घेणे हिताचेही नाही. आपला साकव हा सरकारी रस्ता येईपर्यंतचा आधार आहे. तो उभारायचा आणि त्याच वेळी रस्त्यासाठी पाठपुरावा करायचा. एक करून दुसरे सोडले, तर आपण पाड्याला आणखी एक मोडका पूल देऊन परत येऊ.

आणि आपल्या दारातल्या पुलांनाही विसरू नका. चालताना पुलाची लादी हललेली दिसली, कठड्यातून झाड डोकावताना दिसले, तर १९१६ या महापालिकेच्या क्रमांकावर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. इथे तक्रार करायची सवय लागली तरच तिथल्या लोकांना ती शिकवता येईल.

पावसाळा तोंडावर आला आहे. ठरावावर आज मत घेतले तर मोऱ्या साफ करायला अजून थोडे दिवस हातात आहेत. नवा साकव या वर्षी होणार नाही, हे खरे. पण त्याच वाटेवर पूर्वीचा एक जुना फरशी पूल आहे. त्याचे पाइप मोकळे केले आणि बाजूचा भराव दगडांनी बांधून घेतला तर निदान या पावसाळ्यात ती वाट तुटण्याचा धोका कमी होईल. तेवढ्यासाठी लागणारी रक्कम आज या सभेतच गोळा व्हावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यासाठी पाटी लागणार नाही, फोटोही छापून येण्यासारखा नसेल. पण ऑगस्टच्या एखाद्या रात्री चौघे जण डोली घेऊन त्या वाटेने निघाले, तर ते नाल्यापाशी अडणार नाहीत.

 देव आपल्या सेवाकार्याला आशीर्वाद देवो.